द्राक्षबागेतील बिनतारी ओलावा-संवेदक संच: दीड वर्षाच्या वापरानंतरचे परीक्षण

निफाड तालुक्यातील आमच्या चार एकर थॉमसनच्या बागेत दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबर छाटणीच्या थोडे आधी, आम्ही मातीचा ओलावा मोजणारा एक बिनतारी संच बसवला. त्यात सहा नोड (बागेत जागोजागी बसवायचे, मोजून संदेश पाठवणारे डबे) आणि ते संदेश गोळा करणारा एक गेटवे होता. प्रत्येक नोडला दोन खोलींवर पुरलेले ओलावा-संवेदक जोडलेले होते आणि सहापैकी एका नोडला पानांवरील ओल मोजणारा जादा संवेदकही होता. संपूर्ण संचासाठी सुमारे ७५ हजार रुपये खर्च आला. बनवणारी कंपनी लहान आणि नवी आहे, शिवाय या परीक्षणात तिच्या काही उणिवांविषयी स्पष्टपणे लिहिले आहे, म्हणून तिचे नाव येथे देत नाही. जे लिहितो आहे ते याच प्रकारच्या कोणत्याही संचाला लावून पाहता येईल.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि बाग माझे थोरले बंधू पाहतात. त्यामुळे या संचाकडे आम्ही दोघांनी दोन बाजूंनी पाहिले. बंधूंचा प्रश्न एकच होता: मुळाशी वाफसा आहे की नाही, हे खड्डा न खणता कळते का? त्याचे उत्तर मी आधीच देऊन टाकतो. कळते, आणि चांगले कळते. आमच्या बागेचा वरचा भाग मुरमाड आणि खालचा काळ्या भारी जमिनीचा आहे, तरीही आजवर दोन्हीकडे ठिबक एकाच वेळापत्रकाने चालत असे. खालच्या ओळींत पाणी जास्त होत होते हे पहिल्याच हंगामात आलेखावरून दिसले आणि व्हॉल्व्ह वेगळे करावे लागले. संवेदकाने दाखवलेली टक्केवारी आपल्या मातीशी एकदा जुळवून घ्यावी लागते. ते काम कंपनीच्या माणसाने स्वतः येऊन, मातीचे नमुने वाळवून आणि तोलून नीट करून दिले. मोजमापाच्या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार होती ती बॅटरीविषयी. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘बॅटरी ५ वर्षे’ असे छापलेले होते. प्रत्यक्षात बागेच्या दूरच्या टोकाचे दोन नोड नऊ महिन्यांतच गप्प झाले. त्याहून खटकले ते असे की, बंद पडण्याच्या आदल्या दिवशीही मोबाइलवरील ॲप दोन्ही नोडची बॅटरी १०० टक्के दाखवत होते.

ॲपच्या या चुकीचे कारण सेलच्या जातीत आहे. या नोडमध्ये लिथियम थायोनिल क्लोराइड प्रकारचा, पेन्सिल सेलच्या आकाराचा, ३.६ व्होल्टचा आणि २४०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा सेल असतो. हा सेल पुन्हा चार्ज होत नाही, पण पडून राहिला तर त्याची क्षमता वर्षाला अवघी १ टक्क्याच्या आसपास घटते, म्हणून वर्षानुवर्षे एकट्याने काम करणाऱ्या उपकरणांसाठी तो उत्तम मानला जातो. मात्र त्याचा व्होल्टेज जवळजवळ अखेरपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. व्होल्टेजवरून टक्केवारी काढणारे कोणतेही ॲप या सेलच्या बाबतीत फसणारच. खरा मार्ग म्हणजे नोडने आपण किती वेळा जागे झालो, किती वेळ संदेश पाठवला आणि किती वेळ झोपलो याचा हिशेब ठेवून खर्च झालेला विद्युतभार मोजत जाणे. कंपनीला हे सुचवले आणि ॲपच्या नव्या आवृत्तीत टक्केवारीच्या जागी ‘वापरलेला भार’ दिसू लागला, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता मुख्य प्रश्न उरतो, की पाच वर्षे पुरणारा सेल नऊ महिन्यांत संपला कसा? साधा भागाकार करून पाहू. पाच वर्षे म्हणजे सुमारे ४३,८०० तास. २४०० मिलिअँपिअर-तासांना त्याने भागले तर नोडच्या वाट्याला सरासरी ५५ मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह येतो. थंडी, संदेश पाठवतानाचे प्रवाहाचे झटके आणि सेलची घट लक्षात घेऊन प्रत्यक्ष हाती येणारी क्षमता मी ८० टक्के, म्हणजे १९२० मिलिअँपिअर-तास धरतो. तेव्हा ही मर्यादा ४४ मायक्रोअँपिअरवर येते. झोप, मोजणी, प्रक्षेपण आणि उत्तराची वाट पाहणे, सगळे काही एवढ्यात बसले पाहिजे.

हे तपासायला साधा मल्टिमीटर चालत नाही. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर लावला तर नोड झोपलेला असताना आकडा ठीक दिसतो, पण संदेश पाठवण्यासाठी तो जागा होऊन शेकडोपट प्रवाह मागू लागला की मीटरमधील रोधावरच सारा व्होल्टेज पडतो आणि नोड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. माझ्या टेबलावर नेमके हेच तीन वेळा झाले. म्हणून मी नॉर्डिक सेमिकंडक्टर कंपनीचे पॉवर प्रोफायलर किट-२ वापरले. ते २०० नॅनोअँपिअरपासून १ अँपिअरपर्यंतचा प्रवाह सेकंदाला एक लाख नमुने घेत मोजते आणि ०.८ ते ५ व्होल्टपर्यंतचा पुरवठा स्वतःच देते, त्यामुळे सेल काढून त्या जागी ते जोडले की काम भागते. बिनतारी संवेदकांवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आता हेच उपकरण सर्वांत आधी हाताळायला देतो.

संगणकाच्या पडद्यावर नोडचे एक आवर्तन उमटले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. सुरुवातीला जमिनीलगतची सपाट रेषा, म्हणजे झोप. मग १० मिलिअँपिअरची, बरोबर दोन सेकंद लांबीची एक पायरी, म्हणजे संवेदकांना दिलेली वीज. त्यानंतर ४५ मिलिअँपिअरचा, जवळजवळ दीड सेकंद टिकणारा उंच ठोकळा, म्हणजे रेडिओचे प्रक्षेपण. शेवटी गेटवेचे उत्तर ऐकण्यासाठी उघडलेल्या दोन लहान खिडक्या. हे सारे दर दहा मिनिटांनी, दिवसातून १४४ वेळा.

आधी त्या उंच ठोकळ्याविषयी, कारण सर्वसाधारणपणे संशय रेडिओवरच घेतला जातो. संच लोरावॅन, म्हणजे कमी विजेत छोटे संदेश दूरवर पाठवणाऱ्या बिनतारी पद्धतीचा आहे आणि भारतात तिच्यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा परवाना न लागणारा पट्टा वापरला जातो. या पद्धतीत स्प्रेडिंग फॅक्टर नावाची एक मात्रा असते, ७ ते १२. मात्रा वाढवली की संदेश अधिक दूरवर आणि अधिक अडथळ्यांतून पोहोचतो, पण प्रत्येक पायरीला तो हवेत राहण्याचा काळ जवळपास दुप्पट होतो. आमच्या नोडचा संदेश १० बाइटचा आहे. पद्धतीच्या नियमांनुसार जोडावे लागणारे (प्रोटोकॉलचे) १३ बाइट त्यात मिळवले तर मात्रा ७ असताना तो ६१.७ मिलिसेकंदांत आटोपतो आणि मात्रा १२ असताना त्यालाच १४८२.८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे तीच माहिती सांगायला चोवीसपट वेळ आणि तितकीच ऊर्जा. कंपनीने सहाही नोड मात्रा १२ वर कायमचे बांधून पाठवले होते. गेटवेपासून वीस पावलांवर असलेला नोडसुद्धा तालुक्याच्या गावापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने बोलत होता. फोनवर विचारले तेव्हा त्यांचे अभियंता म्हणाले, “सर, रेंज मिळत नाही अशी तक्रार शेतकऱ्याकडून पहिल्याच दिवशी येते. बॅटरीची तक्रार यायला वर्ष लागते.” उत्तर प्रामाणिक होते, आणि या व्यवसायातील एक खरी अडचण त्यातून समजली.

तरीही हिशेब मांडल्यावर एकटा रेडिओ दोषी ठरला नाही. मात्रा १२ वर प्रक्षेपणाला दिवसाकाठी २.६७ मिलिअँपिअर-तास लागत होते, संवेदकांच्या दोन सेकंदांच्या पायरीला ०.८, आणि नुसत्या झोपेला २.३. होय, झोपेला! निद्रावस्थेतील प्रवाह ९६ मायक्रोअँपिअर निघाला. नोडने आयुष्यात एकही संदेश पाठवला नसता, तरी या गळतीमुळे हाती येणारी क्षमता सव्वादोन-अडीच वर्षांत संपली असती. गळती शोधली तेव्हा दोन ठिकाणे सापडली. बॅटरीचा व्होल्टेज मोजण्यासाठी लावलेली १०० किलोओहमच्या दोन रोधांची जोडी कायम जोडलेली होती आणि तिच्यातून १८ मायक्रोअँपिअर अखंड वाहत होते. उरलेला बहुतांश प्रवाह संवेदकांशी संवाद साधणारी चिप घेत होती, कारण नोड झोपला तरी तिची वीज तोडण्याची सोयच बोर्डवर नव्हती. विशेष म्हणजे संवेदकांची वीज तोडण्यासाठी मॉस्फेटचा (इलेक्ट्रॉनिक) स्विच होता, चिपचा मात्र विसरला गेला होता. रेडिओची चिप झोपेत एका मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी घेते आणि शेजारचा एक दुर्लक्षित घटक तिच्या शंभरपट पितो, ही गोष्ट या क्षेत्रात वारंवार घडते आणि माहितीपत्रकात ती कधीच दिसत नाही.

तिन्ही आकड्यांची बेरीज दिवसाला ५.७७ मिलिअँपिअर-तास होते, म्हणजे सेल सुमारे अकरा महिने पुरायला हवा होता. दूरचे नोड त्याही आधी, नऊ महिन्यांत का गेले, याचे उत्तर वेगळ्याच ठिकाणी मिळाले. गेटवे आम्ही विहिरीवरील मोटारीच्या खोलीत बसवला होता आणि तेथील वीज दिवसाला सरासरी चार तास तरी नसे. नोड मात्र प्रत्येक संदेशाची पोच मागत होते. टेबलावर मी गेटवे मुद्दाम बंद करून पाहिले, तर आलेखावर एका ठोकळ्याच्या जागी चार ठोकळे उभे राहिले: पोच न मिळाल्याने नोड तोच संदेश आणखी तीन वेळा पाठवत होता, आणि तेही मात्रा १२ वर. चार तासांत चोवीस मोजण्या, प्रत्येकीमागे तीन निष्फळ प्रक्षेपणे. यातून दिवसाला १.३ मिलिअँपिअर-तासांची भर पडते आणि अकरा महिन्यांचे नऊ होतात. वीज गेटवेची जात होती आणि सेल बांधावरच्या नोडचा संपत होता! मातीच्या ओलाव्याची एखादी नोंद हुकली तर बागेचे काहीही बिघडत नाही, तिला पोच मागण्याची गरजच नाही. गेटवेजवळचे नोड मात्र तेव्हा चालू राहिले, याचे कारण इतकेच की त्यांचे सेल मी मधल्या काळात दुसऱ्या कामासाठी उघडले असता बदलले होते.

यानंतर जे बदल केले त्यांतील पहिला आणि सर्वांत स्वस्त बदल गेटवेच्या जागेचा. मोटारीच्या खोलीवर पत्र्याचे छप्पर होते आणि अँटेना त्याच्या खाली होती. गेटवे घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी आठ फुटी पाइपवर चढवला आणि घरच्या इन्व्हर्टरला जोडला. दुसरा बदल म्हणजे कंपनीकडून दूरस्थ आज्ञेने मात्रा आपोआप ठरवण्याची सोय सुरू करून घेतली, पोच मागणे बंद केले आणि मातीच्या नोंदींचे अंतर दहा मिनिटांवरून तीस मिनिटांवर नेले. भारी जमिनीतील ओलावा अर्ध्या तासात असा काही बदलत नाही की जो निर्णय आपण सकाळी व्हॉल्व्ह उघडताना घेतो तो चुकावा.

मात्रा आपोआप ठरवण्याच्या सोयीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण द्राक्षबागेत ती चैन नसून गरज आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर मांडव उघडा असतो, फक्त ओलांडे, काड्या आणि तारा. तेव्हा शेवटच्या ओळीतील नोडचा संकेत गच्चीवर उणे १०८ डेसिबेल-मिलिवॉट इतका पोहोचत होता (उणे आकडा जितका मोठा, तितका संकेत क्षीण). साठ-सत्तर दिवसांत पानांनी मांडव भरला आणि तोच आकडा उणे ११९ पर्यंत घसरला. पाने म्हणजे पाणी, आणि या कंपनसंख्येच्या लहरी पाणी शोषून घेते. पहाटे दव असताना तर घसरण आणखी दिसे. त्या काळात नोड मात्रा ७ वरून आपणहून ९ वर गेला आणि काढणीनंतर एप्रिलच्या खरड छाटणीला पुन्हा खाली आला. बसवण्याच्या दिवशी, उघड्या मांडवात एकदा रेंज तपासून मात्रा कायमची बांधून टाकणाऱ्या विक्रेत्याला हा फरक कळणारच नाही, आणि मग खबरदारी म्हणून सगळ्यांना १२ वर बांधणे हाच एक मार्ग त्याच्यापुढे उरतो.

या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी ‘ॲग्रिसेन्स’ या प्रकल्पात नाशिकच्या सुला द्राक्षबागेत बिनतारी संवेदकांचे जाळे उभारले होते. त्या पिढीतील जाळ्यांत रेडिओचा पल्ला तोकडा असे, म्हणून एका नोडचा संदेश दुसरा नोड पुढे ढकलत असे आणि मुख्य केंद्राजवळच्या नोडवर सगळ्यांचे ओझे पडून ते आधी संपत. यावर २००० साली एमआयटीच्या वेंडी हाइन्झेलमन आणि सहकाऱ्यांनी ‘लीच’ नावाची पद्धत मांडली होती: नोडचे गट करायचे आणि गटप्रमुखाचे काम पाळीपाळीने फिरवायचे, म्हणजे कोणा एकाचीच बॅटरी झिजत नाही. आजच्या लोरावॅन संचात प्रत्येक नोड थेट गेटवेशी बोलतो, त्यामुळे पाळी लावण्याचा प्रश्न उरत नाही. पण ओझे नाहीसे झालेले नाही, ते अंतरावर आणि अडथळ्यांवर गेले आहे. शेवटच्या ओळीतला नोड आजही पहिल्या ओळीतल्या नोडपेक्षा लवकर थकतो, आणि गेटवे उंचावर नेणे हाच त्याला दिलेला खरा आधार.

जुन्या चार नोडमध्ये बोर्डातील गळती तशीच आहे, कारण ती आज्ञा पाठवून बुजवता येत नाही. रेडिओचा खर्च २.६७ वरून ०.१२ वर आला, संवेदकांचा ०.८ वरून ०.२७ वर, पण झोपेचे २.३ कायम राहिले. त्यामुळे त्यांचे आयुष्य नऊ महिन्यांवरून दोन वर्षांना थोडे कमी, इतकेच वाढेल. बंद पडलेल्या दोन नोडच्या जागी कंपनीने कोणतेही शुल्क न घेता सुधारित बोर्डाचे दोन नोड दिले. ते मी बागेत लावण्यापूर्वी पुन्हा त्याच उपकरणावर तपासले. निद्रावस्थेतील प्रवाह ७ मायक्रोअँपिअर आला. संवेदकांची पायरीही दोन सेकंदांवरून ०.४ सेकंदावर आणली आहे, आणि तेवढ्या वेळात वाचन स्थिर होते याची खात्री मी ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही मातींत करून घेतली. या नोडचा दिवसाचा एकूण खर्च ०.३४ मिलिअँपिअर-तास आहे. कागदावर हा सेल पंधरा वर्षे पुरेल असे दिसते. सेलची नैसर्गिक घट, निफाडची कडाक्याची थंडी आणि डब्यात शिरणारा दमटपणा यांमुळे तितक्या काळावर मी विश्वास ठेवणार नाही, पण पाच वर्षांचा दावा आता मला पूर्णपणे पटतो.

इतर बाबी थोडक्यात. नोडचा डबा पाऊस आणि फवारणीच्या ब्लोअरचा मारा सहन करतो. केबल जेथून बाहेर पडते तेथे मात्र एका नोडमध्ये मुंग्या शिरल्या होत्या, तेथील रबरी ग्लँड (केबलभोवतीचे आवळायचे बूच) घट्ट आवळावी. सेल दोन पिनांच्या जोडणीने बसतो, त्यामुळे बदलायला डाग लावावा लागत नाही. बराच काळ कपाटात पडून राहिलेला सेल नवा लावल्यावर पहिल्या काही प्रक्षेपणांत त्याचा व्होल्टेज खाली बसतो, कारण आत एक अक्रिय थर साचलेला असतो. सुधारित बोर्डात यासाठी मोठा धारित्र (कपॅसिटर) दिलेला आहे, जुन्यात नव्हता. संपलेले सेल बांधावर टाकू नयेत आणि पाचोळ्याबरोबर जाळू तर मुळीच नयेत, ते फुटतात. कंपनी ते परत घेते. सौरपट्टी लावलेले नोडही तिच्याकडे आहेत, परंतु मांडवाखाली ऊन पोहोचत नाही आणि मांडवाच्या वर काढलेली पट्टी ट्रॅक्टर आणि फवारणीच्या आड येते, तिच्यावर औषधाचा थर बसतो तो वेगळाच. द्राक्षासाठी सेलवर चालणारा नोडच योग्य, असे माझे मत झाले आहे.

हा संच मी घ्यायला सांगेन, पण फक्त सुधारित बोर्डाचा, आणि विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारल्यानंतर. निद्रावस्थेत प्रवाह किती? मात्रा बांधलेली आहे की आपोआप ठरते? आणि पाच वर्षांचा आकडा दर किती मिनिटांच्या नोंदीवर काढला आहे? ज्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर मायक्रोअँपिअरमध्ये देता येत नाही, त्याने तो आकडा मोजलेला नाही असे समजावे.

एक काम अजून बाकी आहे. पानांवरील ओल मोजणारा नोड दहा मिनिटांवरच ठेवावा लागतो, कारण डाऊनी (केवडा) रोगाच्या दिवसांत पान किती तास ओले राहिले यावर फवारणीचा निर्णय ठरतो आणि अर्ध्या तासाची चूक तेथे चालत नाही. मोजणी दहा मिनिटांनी करावी, पण कोरड्या पानाची बातमी दर वेळी पाठवू नये. पान ओले झाले, वाळले, किंवा सहा तास काहीच बदलले नाही, एवढ्याच वेळी रेडिओ चालू व्हावा. असे केल्याने उन्हाळ्यातील बहुतेक दिवशी १४४ संदेशांच्या जागी चार संदेश पुरतील. कंपनीने येत्या ऑक्टोबर छाटणीपूर्वी ही सुधारणा देण्याचे कबूल केले आहे. ती आली की तो नोड मी पुन्हा टेबलावर घेऊन मोजणार आहे आणि येणारे आकडे याच परीक्षणात जोडणार आहे.